करंगळीचा प्रत्यय

हातमोज्यांचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
ओत्तोकारने भाषा करायला घेतली.
पेच शहरातले बाकीचे कारागीर प्यायला लागले,
एकाने मधमाश्या पाळल्या,
म्हणून मी काही बोलले नाही.
म्हटलं, भाषा निदान डसत नाही.

एकतीस वर्षं त्याने कोकराचं कातडं बेतलं.
ओलसर कातडं टेबलाच्या कडेवर ताणायचं;
किती ताणलं की किती परत येतं
हे त्याच्या बोटांना ठाऊक.
आता उरल्यासुरल्या पांढऱ्या तुकड्यांवर तो शब्द लिहायचा,
एका तुकड्यावर एक,
आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचा.
'पाव' या शब्दाला तीन आठवडे लागले.
नुसता पाव नको होता त्याला,
त्यात पहाटेची रांग हवी होती,
आणि पुढच्या माणसाच्या कोटाचा वास.
तोवर मी सहा पाव भाजले, ते त्याने खाल्ले.

क्रियापदाला प्रत्यय पाच, कारण बोटं पाच.
अंगठ्याचा: मी केलं, आणि कबूल आहे.
तर्जनीचा: दुसऱ्याकडून करवून घेतलं.
मधल्या बोटाचा: सगळेच करतात, त्यात काय मोठंसं.
अनामिकेचा: झालं खरं, कुणी केलं कोण जाणे.
आणि करंगळीचा, 'श':
करीन म्हटलं होतं, केलं नाही.

त्याची रोजनिशी त्याच भाषेत.
एकदा तो बाहेर गेला असताना डबा उपडा केला
आणि तुकडे लावत लावत एक पान वाचलं मी.
भांडी घासली गेली, गॅसचं बिल भरलं गेलं,
गळकी कौलं बदलली गेली,
सगळं अनामिकेत.
माझी अंगठी त्याच बोटात आहे.
डबा होता तिथे ठेवला.

"एतेल्का, शिकतेस का?"
"तुझ्याशी भांडायला मला एक भाषा पुरते."

शिकली ती शेजारची बोरोका.
सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले,
'श' म्हणताना फटीतून वारा सुटायचा.
आजोबांकडे राहायची. आई ग्राझला,
परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला,
दर दुसऱ्या शनिवारी येणार.
महिन्याभरात पोरगी कोंबड्यांना त्या भाषेत रागवायला लागली.
ओत्तोकार खुलला, पण चूक सोडायचा नाही;
कानामागे लाल पेन्सिल असायचीच.

मार्चातला एक शनिवार. बस आली, बस गेली.
बोरोका आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली,
बूट न काढता.
ओत्तोकारने त्याच्या भाषेत विचारलं, कोण आलं?
ती म्हणाली, "इल्माश."

इल्मा म्हणजे आई. एवढं मलाही कळत होतं.
आणि हेही, की नामाला 'श' लागत नाही.
येण्याला लागतो, देण्याला, पत्र लिहिण्याला;
माणसाला लागत नाही.
वही तिसरी, पान अकरा, खाली दोन रेघा.

त्याचा हात कानामागे गेला.
मी बशी पुसत होते. ती हातातच धरून ठेवली,
गरज पडली तर असावी म्हणून.

हात तिथेच थांबला. मग त्याने कान खाजवला.
आणि हा माणूस, ज्याने एकेक स्वर
कातड्यासारखा उजेडात धरून पारखला होता,
खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला
आणि विचारलं, "म्हणजे काय गं?"

पोरीने विचार केला.
"म्हणजे आहे," ती म्हणाली, "पण शनिवारी नाही."

त्याने मान हलवली. हळूच म्हणून पाहिलं, "इल्माश."
त्याला दात असून तसा वारा सुटेना.
"असं नाही," बोरोका म्हणाली,
आणि पुन्हा म्हणून दाखवलं.

मी पाव कापला, तिघांना.
हे मी केलं.
रात्री रोजनिशीत ते कुठल्या बोटात जातं
ते मात्र मी बघणार आहे.